शेवट न ऐकता दिलेलं मत

आक्का, तू गेलीस तेव्हा माझ्या शर्टाच्या खिशात बोराची एक बी होती. मंदाने शर्ट धुवायला काढला, खिसा चाचपला आणि विचारलं, "ही फेकू का?" मी तिच्यावर असा खेकसलो की बिचारी दचकलीच. मग तिच्याही लक्षात आलं. तिने बी देवाजवळच्या वाटीत ठेवली आणि शर्ट भिजत घातला.

ती बी म्हणजे माझं मत. ते द्यायचं राहिलं. तुला हे सगळं ठाऊक आहे, तरी मी पहिल्यापासून सांगणार आहे, कारण आयुष्यात पहिल्यांदाच तू मला मध्ये तोडणार नाहीस.

तू नेवाशाच्या शाळेत गणित शिकवलंस आणि मी शेवगावात पाण्याच्या जळालेल्या मोटारी भरत बसलो. जुनी तार उपसायची, नवी गुंडाळायची, वार्निश मारायचं, चालू करून बघायची. आपल्या दोघांना विज्ञानकथांचं वेड लागेल असं आपल्या घरात काहीच नव्हतं. ते लागलं तुझ्या कॉलेजच्या दिवसांत, नगरच्या एका फुटपाथवरून तू आणलेल्या जाडजूड इंग्रजी पुस्तकामुळे. विटकं कव्हर, वाळवीने खाल्लेला कोपरा. कव्हरावर लिहिलं होतं की यातल्या सगळ्या कथा कुठल्याशा मोठ्या पुरस्काराच्या नामांकन यादीत होत्या. माझं इंग्रजी तेव्हा जेमतेम होतं. तू वाचायचीस आणि मला मराठीत सांगायचीस.

"नामांकन म्हंजे जिंकलेल्या का?" मी विचारलं होतं.

"न्हाई रे. शेवटपर्यंत पोचलेल्या. जिंकलेली एक आसती, ती सगळं जग वाचतं. बाकीच्यांचं कोन बघनार?"

आपण बघायला लागलो. पुढे मोबाईल आला, इंटरनेट आलं, आणि दरवर्षी तुझा फोन यायला लागला, "बाळ्या, यादी आली." कसा आहेस असं तू कधी विचारायचीच नाहीस, आधी यादी. मग वाटणी. जाड्या कादंबऱ्या तुझ्या, बारक्या कथा माझ्या. वार्निश वाळेपर्यंत मी दुकानात डिक्शनरी घेऊन बसायचो. गिऱ्हाइकांना वाटायचं की बाळासाहेब कसली तरी परीक्षा देतायत. मीही कधी त्यांचा गैरसमज दूर केला नाही.

आणि थंडीत हुरडा. माझ्या दोन एकरांतली गुळभेंडी ज्वारी दुधात आली की तू नेवाशाहून एसटीने यायचीस, सोबत दाजी. बांधाच्या कडेला आगटी पेटायची, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणसं खुपसायची, मंदा गरम गरम कणीस हातावर चोळून परातीत दाणे पाडायची. शेजारच्या शेतातला भाऊराव यायचा, त्याच्या घरची यायची, आणखी कुणी कुणी. शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही आणि बोरं. तोंड चालू झालं की तू सुरू व्हायचीस. त्या वर्षीच्या यादीतल्या गोष्टी एकामागून एक, अधूनमधून माझी एखादी, सगळ्या आपल्या बोलीत. मग मतदान. प्रत्येक गोष्टीची एक वाटी आणि प्रत्येकाच्या हातात बोराची एक बी.

नियम तुझे. एक, सांगणाऱ्याकडे बघून मत द्यायचं नाही. दोन, कारण सांगितल्याशिवाय बी वाटीत पडायची नाही. आणि तिसरा, ज्यावर आपण आयुष्यभर भांडलो: गोष्ट शेवटाच्या अलीकडे थांबवायची. आधी मत द्यायचं, शेवट नंतर ऐकायचा.

तुला आठवतं ना, चंद्रावरच्या वस्तीची ती कादंबरी? एकच पाइपलाइन, त्यावर ओळीने घरं, आणि एक माणूस येऊन लाइन फोडतो. लेखकाने त्याला चांगला काळाकुट्ट खलनायक केला होता. तू रंगवून रंगवून सांगत होतीस, आणि भाऊरावाने मध्येच विचारलं, "ताई, त्याचं घर कुठं हुतं? लाइनीच्या तोंडाला का टेलला?"

तू जरा आठवलंस. "टेलला."

"मग बराबर हाय त्याचं. टेलला पानी पोचतं व्हय कधी? मी आसतो तर आधीच फोडली आसती."

आपला सगळा भाग कालव्याच्या टेलचा, म्हणजे शेवटच्या टोकाचा. सगळ्या मंडळींनी त्या फोडणाऱ्याच्या बाजूने मत दिलं आणि कादंबरी आपल्या बांधावर जिंकली. तिकडे परदेशात ती हरली. तू हसून हसून खोकायला लागलीस. म्हणालीस, लेखकाला हे कळवायला पाहिजे की बाबा, तुझा नायक कोण ते तुलाच कळलं नाही.

आणि ती टपालवाली. एका ग्रहावरून दुसऱ्या ग्रहावर माणसांचे निरोप नेणारी बाई, तिची मुलगी घरी राहते. जहाजाच्या वेगाने आईचं वय थांबून राहतं आणि मुलगी मात्र मोठी होत जाते. मी म्हणालो होतो, हे आपल्या लोकांच्या डोक्यावरून जाणार. तू सांगायला लागलीस आणि कणीस चोळणारे मंदाचे हात थांबले. माझ्या लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण मला जे माहीत नव्हतं ते तिने त्या दिवशी सगळ्यांसमोर सांगितलं. "माझी आई दिवाळी झाली का कोयत्यावर जायची, ऊस तोडायला. गुढीपाडव्याला यायची. मी आजीच्या मागं लपायची. म्हनायची, ही बाई कोन? दर साली आईला नव्यानं वळख करून घ्यायला लागायची." आणि तिने बी त्या वाटीत टाकली. तू तिला कारण विचारलं नाहीस. उठून तिच्याशेजारी जाऊन बसलीस आणि तिच्याबरोबर कणसं चोळायला लागलीस. तेव्हापासून तुम्हा दोघींचं जे जुळलं त्यात मला जागाच राहिली नाही. त्या पुस्तकाचे मी आजवर आभार मानले नव्हते, आता मानतो.

पण आपलं भांडण. मी पुस्तकाचं शेवटचं पान आधी वाचणारा माणूस. तुला त्याची भयंकर चीड. मी म्हणायचो, माझ्या धंद्यात मोटार शेवटी फिरली की नाही एवढंच बघतात. आतली तार कितीही देखणी गुंडाळली आणि बटण दाबल्यावर नुसती गुरगुरली, तर गिऱ्हाईक ती माझ्या डोक्यात घालेल. गोष्टीचंही तेच. शेवट पडला की सगळं पडलं.

"आरं, मी जन्मभर गनिताचे पेपर तपासले," तू म्हणायचीस. "उत्तर चुकलं म्हनून पोराला भोपळा देतात का? पायऱ्या बघायच्या. पायऱ्या बराबर आसल्या तर मार्क द्यायचेच."

"चुकलेल्या उत्तरावर धरन बांधलं तर फुटल की गं."

"मी धरनाबद्दल बोलत न्हाई, गोष्टीबद्दल बोलते."

दरवर्षी हेच. कणसं संपायची, भांडण संपायचं नाही. मंदा म्हणायची, तुम्हा दोघांना एका गोणीत घालून बांधलं पाहिजे.

यंदा दोन गोष्टी अटीतटीला आल्या. एक मी सांगितलेली, हवेत तरंगणाऱ्या गावातल्या लोहाराची. गाव हळूहळू खाली चाललंय हे त्याला एकट्याला कळलेलं असतं. शेवट असा चपखल की बोट शिरायला फट नाही. दुसरी तुझी. ओसाड ग्रहावर पुढे पाठवलेलं एक मशीन. त्याचं काम माती तयार करायचं. खडक कुटायचा, कुजवायचा, ओलावा धरून ठेवायचा. माणसं मागून येणार. वर्षं जातात, माणसं येत नाहीत, मशीन माती करत राहतं. मग त्या मातीत आपोआप काहीतरी उगवायला लागतं, कुणी न पेरलेलं. आणि एके दिवशी आकाशात जहाज दिसतं. मशीनने खूण केली तर माणसं उतरणार आणि ते उगवलेलं तुडवलं जाणार. नाही केली तर माणसं पुढे निघून जाणार.

तिथे तू थांबलीस. भाऊरावाच्या हातातलं कणीस गार झालं.

मतं पडली. दोन्ही वाट्यांत सारख्या बिया. राहिलं माझं मत.

"टाक," तू म्हणालीस.

"शेवट सांग, मग टाकतो."

"तू टाक, मग सांगते."

"मशीननं खूण केली का न्हाई, तेवढं तरी सांग."

"लई हट्टी हाईस. स्वतःच्या गोष्टीलाबी मत देईना!"

ऊन उतरलं, एसटीची वेळ झाली, तरी मी बी टाकली नाही आणि तू शेवट सांगितला नाहीस. दाजी नेहमीप्रमाणे तोंडावर उपरणं टाकून आंब्याखाली झोपले होते, त्यांना हलवून उठवलं. शेवगाव स्टँडवर गाडी सुटताना तू खिडकीतून हात बाहेर काढून म्हणालीस, "मत दिलंस की फोन कर." मी खिसा थोपटून दाखवला. तू हसलीस. तेच शेवटचं बोलणं.

मला त्याचं वाईट वाटत नाही, हे तुला मुद्दाम सांगतो. लोक म्हणतात, शेवटचं बोलणं भांडणाचं राहिलं. राहू दे. आपण भांडत होतो म्हणजे बरे होतो.

मग त्याच आठवड्यात दाजींचा फोन. सकाळी स्वयंपाकघरात तू खाली बसलीस आणि उठली नाहीस. नगरला नेलं. मी पोचलो तेव्हा तू काचेपलीकडे होतीस, नाकातोंडात नळ्या, डोळे मिटलेले. वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत जिचा आवाज जायचा ती बाई काचेमागे दोन दिवस गप्प पडून राहिली आणि तशीच गेली. मी काचेला डोकं टेकवून उभा होतो. सांगायला लाज कशाची, मनात म्हणत होतो, टाकतो बाई बी, तुझ्याच वाटीत टाकतो, ऊठ.

तेरावा झाला आणि मी दुकानात बसून जुन्या याद्या मोबाईलवर काढायला लागलो. या वर्षीची, गेल्या वर्षीची, त्याच्या आधीची. कुठली वाचली, कुठली राहिली. राहिलेलीच जास्त निघाली. आणि वाचलेल्यांतली किती तरी नावं बघून काहीच आठवेना. मग कळलं की मला पुस्तकं पुस्तकांच्या नावाने आठवतच नाहीत. ही टेलवाली. ही मंदाची. ही जिच्यावरून तू भाऊरावाच्या मेव्हण्याला बांधावरून हाकलून दिलंस, कारण का आवडली ते न सांगता तो सारखा नुसता "भारी हाय, भारी हाय" म्हणत होता. ही ज्या वर्षी अवकाळी पाऊस आला आणि आपण ट्रॉलीखाली बसून मतदान पुरं केलं. परदेशातल्या त्या लेखकांनी काय काय कल्पना लढवल्या असतील, पण त्यांच्या गोष्टी चोळून, पाखडून आमच्या ओंजळीत तू टाकल्यास. मी वाचल्या त्यापेक्षा तुझ्याकडून ऐकल्या त्या जास्त, आणि ऐकलेल्या मुरल्या.

तुला वाटेल, मातीच्या मशीनचा शेवट या गड्याने केव्हाच बघितला असेल. शेवटचं पान आधी वाचणारा मी. मोबाईलवर पुस्तक घ्यायला कितीसा वेळ लागतो? पण हात धजला नाही. शेवट कळला असता तर भांडण मिटलं असतं, आणि मला ते मिटवायचं नव्हतं.

ते मिटवलं भाऊरावाने. दाजी आमच्याकडे राहायला आले होते, दिवसभर ओसरीवर बसून असायचे. एका सकाळी भाऊराव आला आणि उभ्या उभ्याच म्हणाला, "बांधाकडचा तुजा उशिरा पेरलेला पट्टा आजून हिरवा हाय. ताईंचं इलेक्शन आर्धवट राहिलंय. पुरं करायला पायजे."

मी दाजींकडे बघितलं. ते म्हणाले, "पेटवा आगटी."

मंडळी तीच. वाट्या त्याच, मंदाने बिया तशाच जपून ठेवल्या होत्या, त्या पुन्हा ठेवल्या. कणसं भाजली, पण तोंडं चालेनात. तुझी जागा कुणी घेतली नव्हती, आगटीच्या त्या बाजूला नुसताच धूर जात होता.

भाऊराव म्हणाला, "पन शेवट आता कोन सांगनार?"

तेव्हा दाजी बोलले. आंब्याखाली न झोपता त्या दिवशी पहिल्यांदा ते आगटीजवळ बसले होते. "मला म्हायती हाय."

"तुम्हाला?" मी म्हणालो. "तुम्ही तर झोपलेले असायचात."

"डोळे मिटले म्हंजे मानूस झोपतो व्हय? गेल्या सगळ्या सालच्या गोष्टी ऐकल्यात मी. त्या दिवशी एसटीत तिनं मला शेवट सांगितला. आन् म्हनली, बाळ्यानं बी टाकल्याबिगर त्याला सांगू नका. टाक आता."

आक्का, तू गाडीत बसल्या बसल्याच माझा बंदोबस्त करून ठेवला होतास.

देवाजवळच्या वाटीतली बी मी येताना खिशात टाकली होती, ती काढली आणि तुझ्या वाटीवर हात धरला.

"कारन सांग," दाजी म्हणाले. "तिचा नियम हाय."

मी म्हणालो, "सांगणारी चांगली होती."

"ए, चालत न्हाई!" भाऊराव ओरडला. "सांगनाऱ्याकडं बघून मत न्हाई द्यायचं! ताईनी मला ह्याच्यावरूनच दोन सालं बाद केल्तं!" ओरडता ओरडता त्याचा आवाज फुटला आणि त्याने तोंड फिरवलं. मंदाने पदर डोळ्यांना लावला. माझंही काही खरं नव्हतं.

मग मी खरं कारण सांगितलं. म्हणालो, कोण येणार, कधी येणार, येणार की नाही, काहीच ठाऊक नसताना ते मशीन माती करत बसतं, ते मला आवडलं. शेवट काही का असेना. बी वाटीत पडली.

दाजींनी घसा साफ केला. "शेवट आसा हाय. तसला ग्रह न्हाईच. माती न्हाई, मशीन न्हाई. जहाजातली मानसं वाट बघून बघून कटाळली हुती, त्यांनी मन रमवायला ती सगळी गोष्ट रचलेली."

आगटीत एक गोवरी ढासळली.

"म्हंजे कायबी न्हाई?" भाऊराव.

"कायबी न्हाई. ती म्हनली, लेखकानं शेवटाला माती खाल्ली बघा. पन तवर काय लिवलंय! म्हनली, शेवट ऐकला तर बाळ्या मत देनार न्हाई, म्हनून आधी घ्यायचंय."

"हात्तिच्या मायला!" भाऊराव म्हणाला, आणि आम्ही जे हसायला लागलो ते थांबेना. दाजी हसले. तू गेल्यापासून मी त्यांना हसताना बघितलं नव्हतं. मंदाने परात खाली ठेवून हसून घेतलं. तिकडे रस्त्यावरून जाणाऱ्या कुणाला वाटलं असेल की इथे लग्नाची बैठक चाललीय. मग सगळ्यांना भूक लागली.

भाऊरावाने विचारलं, "बाळ्या, मत माघारी घेतो का?"

"न्हाई," मी म्हणालो.

आणि मत मागे घ्यायचं नाही असं म्हणताना मला कळलं की मी कशाला मत दिलं होतं. आक्का, तुझाही शेवट पडला. स्पष्टच सांगतो. इतकी रसाळ बोलणारी बाई, तिला शेवटी एक वाक्य बोलायला मिळू नये, काचेपलीकडून भावाकडे बघायलाही मिळू नये, असला शेवट कुणी गोष्टीत लिहिला असता तर मी ते पुस्तक भिंतीवर आपटलं असतं. माझ्या नियमाने गेलं तर त्या दोन दिवसांवरून तुझं सगळं मोजावं लागेल. फुटपाथवरचं ते वाळवी लागलेलं पुस्तक, मंदाशेजारी जाऊन बसणं, एसटीच्या खिडकीतला हात, हे सगळं त्या काचेवर आपटून शून्य. ते मला मंजूर नाही. म्हणून माझा नियम मीच मोडला. भांडण तू जिंकलीस, आणि नेमकं हे ऐकायला तू नाहीस, याची मात्र चीड येते. उत्तर चुकलं, आक्का. पायऱ्यांना पूर्ण मार्क.

परवा नवी यादी आली. फोन वाजला नाही, मीच बघितली. ओसरीवर जाऊन दाजींना वाचून दाखवली. त्यांनी सगळी नावं नीट ऐकून घेतली आणि म्हणाले, "बारक्या मला दे. इंग्रजी जमायचं न्हाई, तू वाचून दाखव, मी सांगंन बांधावर. डोळे उघडे ठेवून." भाऊराव रस्त्यात भेटला तर विचारत होता की यंदा पाइपलाइनवाली काही आहे का. मंदाने बोराच्या बिया धुऊन, वाळवून डब्यात भरल्यात. पुढच्या हंगामाला गुळभेंडी जास्त पेरावी म्हणतोय, मंडळी वाढणार असं दिसतं.

जाड्या कादंबऱ्या मी घेतल्या आहेत. पहिली काल सुरू केली. शेवटच्या पानाकडे बोट जातं, जुनी खोड आहे. पण उघडलं नाही. तुझी शपथ, उघडणार नाही.